सेल्फ घेत नाही? बॅटरी बदलण्याआधी अर्थ तपासा

गावात कुणाच्या ट्रॅक्टरचा सेल्फ बिघडला आहे, हे विचारावे लागत नाही. संध्याकाळी ट्रॅक्टर कुठे उभा राहतो ते पाहिले की कळते. ज्याचा सेल्फ धड आहे त्याचा ट्रॅक्टर दाराशी, शेडमध्ये. ज्याचा बिघडलेला त्याचा देवळाच्या उतारावर नाहीतर तलावाच्या भरावावर, तोंड खाली करून आणि पुढच्या चाकाला दगड लावून. सकाळी दगड काढायचा, ट्रॅक्टर घरंगळू द्यायचा, गिअर टाकून क्लच सोडायचा. धाडधाड करत इंजिन सुरू झाले की दिवसभर काळजी नाही. एक हंगाम म्हणता म्हणता असे दोन-तीन वर्षे चालते.

शेतकरी बंधूंनो, हे इतके दिवस चालू शकते याचे कारण डिझेल इंजिनाच्या स्वभावात आहे. मोटारसायकलच्या पेट्रोल इंजिनाला दर फेऱ्याला ठिणगी लागते. डिझेल मात्र हवेच्या दाबाने तापून आपोआप पेटते. जुन्या ट्रॅक्टरचा डिझेल पंप पूर्ण यांत्रिक असतो आणि इंजिन बंद करायचे तेही दांडी ओढून. म्हणजे एकदा इंजिन फिरले की त्याला विजेशी काही देणेघेणे नाही. बॅटरी मेली तरी नांगरट थांबत नाही, आणि काम थांबत नाही तोपर्यंत दुरुस्ती करायची नाही हा तर आपला सर्वांचाच रिवाज. महिंद्राचा बी-२७५, मॅसी १०३५, एचएमटीचा झेटर, जुना फोर्ड, जुना स्वराज अशी यंत्रे आजही आपल्या जिल्ह्यात नेटाने राबताना दिसतात. त्यांचे इंजिन अजून टणक असते. कंटाळा देते ती त्यांची वायरिंग.

पण डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा खाली यायला लागला की हिशेब बदलतो. थंडीने बॅटरीची ताकद कमी होते आणि त्याच वेळी इंजिनातले ऑइल घट्ट होऊन इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. दोन्हीकडून मार. त्यातून रात्री दव पडलेले, हवा ढगाळ, द्राक्षावर फवारणी सकाळीच उरकायची. ब्लोअर जोडून तयार, टाकीत औषध कालवलेले, आणि सेल्फ नुसता 'टक' करून गप्प. अशा घाईत माणूस सीटवरून उतरतो, पाना घेतो आणि सेल्फच्या दोन बोल्टांवर आडवा टेकवतो. हा लेख लिहायला घेतला तो मुख्यतः त्या पान्यासाठी.

पाना टेकवण्याआधी

पाना टेकवून सेल्फ फिरतो हे खरे आहे. कारण आपण चावी, स्टार्टरचे बटण आणि मधली सगळी वायरिंग वगळून बॅटरीचा करंट थेट मोटारीत सोडतो. पण त्या वेळी आपण कुठे उभे असतो? पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्ये, जमिनीवर, मागच्या मोठ्या टायरच्या अगदी पुढ्यात. ट्रॅक्टर चुकून गिअरमध्ये राहिला असेल तर सेल्फ इंजिनही फिरवतो आणि चाकेही. इंजिन पेटले की ट्रॅक्टर त्याच क्षणी चालू लागतो. बाजूला व्हायला जागा नसते आणि वेळही नसतो. सीटवर कुणी नाही म्हणजे क्लच दाबायलाही कुणी नाही.

आदल्या संध्याकाळी ट्रॅक्टर उतारावर गिअरमध्येच लावून ठेवण्याची सवय असते, हे इथे लक्षात घ्यावे. रात्री गिअरमध्ये लावायचा आणि सकाळी खालून पाना टेकवायचा, या दोन सवयी एकत्र आल्या की अपघात ठरलेलाच. पाना टेकवताना उडणारी ठिणगी आणि तापून लाल होणारे लोखंड हा धोका वेगळा. हाताच्या अंगठीला एक टोक लागले तर बोट भाजून निघते.

मॅसीच्या जुन्या मॉडेलांत हाय-लो लिव्हर न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय सेल्फला करंट जाऊ नये, अशी सोय कंपनीने मुद्दाम केलेली होती. इतरही काही ट्रॅक्टरांत क्लच दाबल्याशिवाय किंवा गिअर न्यूट्रल केल्याशिवाय सेल्फ लागत नाही. ही सोय करणारा छोटा स्विच खराब झाला की आपल्याकडे त्याच्या दोन वायरी सोलून एकमेकींना पीळ मारून जोडतात आणि वर चिकटपट्टी गुंडाळतात. ट्रॅक्टर जुना घेतला असेल तर पहिल्या मालकाने असे काही करून ठेवले आहे का, हे एकदा पाहाच. पाहायची रीत सोपी आहे. डिझेल बंद करायची दांडी ओढून ठेवा, मोकळ्या जागेत सीटवर बसा, ब्रेक दाबून धरा, लिव्हर गिअरमध्ये टाका आणि बटण क्षणभर दाबा. सेल्फ हलला तर स्विच वगळलेला आहे. स्विचची किंमत फार नसते. तो नवा बसवून घ्यावा.

करंट जातो कसा

आता दुरुस्तीकडे वळू. सेल्फला दोन वाटांनी वीज लागते. एक जाड वाट आणि एक बारीक. जाड वाट अशी : बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून जाड केबल सोलेनॉइडला, तिथून सेल्फच्या मोटारीला, मोटारीच्या अंगातून इंजिनाच्या लोखंडाला आणि तिथून अर्थच्या पट्टीने परत बॅटरीच्या निगेटिव्हला. बारीक वाट म्हणजे चावी, बटण, न्यूट्रलचा स्विच आणि शेवटी सोलेनॉइडचा लहान टर्मिनल. बारीक वाटेचे काम एवढेच की सोलेनॉइड खेचून जाड वाट जोडून द्यायची. आपल्या मोटारपंपाच्या स्टार्टरमध्ये हिरवे बटण दाबले की आतला कॉन्टॅक्टर खटकन बसतो, तसेच हे. बिघाड जाड वाटेत आहे की बारीक, एवढे कळले की निम्मे काम झाले.

हे कळायला मीटरही लागत नाही. अंधार पडल्यावर हेडलाइट लावा, एकाला समोर उभे न करता बाजूला उभे करा आणि सीटवर बसून, गिअर न्यूट्रल करून बटण दाबा. बाजूच्या माणसाने फक्त लाइटकडे बघायचे.

लाइट मुळात लागलाच नाही तर बॅटरीचे टर्मिनल, मुख्य फ्यूज किंवा अर्थ तुटला आहे, नाहीतर बॅटरी पूर्ण उतरली आहे. लाइट चांगला होता, पण बटण दाबताच मेणबत्तीसारखा झाला आणि सेल्फ 'टक-टक-टक' करू लागला, तर जाड वाटेत दोष. बॅटरी उतरलेली असेल किंवा कुठला तरी जोड ढिला वा गंजलेला असेल. लाइट तसाच लख्ख राहिला आणि आवाजच नाही, तर बारीक वाट तुटली आहे. लाइट लख्ख, 'टक' असा एकच दणकट आवाज आणि पुढे काही नाही, तर सोलेनॉइडच्या आतले तांबे जळाले किंवा सेल्फचे कार्बन संपले. आणि सेल्फ 'घर्र' करून मोकळाच फिरला, इंजिन हललेच नाही, तर विजेचा दोष नाहीच. सेल्फची पिनियन अडकली आहे किंवा फ्लायव्हीलच्या रिंगचे दाते झिजले आहेत.

सगळ्यात जास्त आढळतो तो दुसरा प्रकार, आणि पैसेही सगळ्यात जास्त तिथेच वाया जातात. लाइट मंद झाला म्हणजे बॅटरी गेली, असे गृहीत धरून माणूस तडक तालुक्याला जातो आणि नवी बॅटरी आणतो.

निफाड तालुक्यातल्या एका गावी गेल्या थंडीत असेच पाहिले. वयस्कर शेतकरी, सगळे त्यांना आण्णा म्हणतात. जुना बी-२७५, दसऱ्याला नवा लाल रंग दिलेला. एका हंगामात दोन बॅटऱ्या झाल्या, सेल्फचे आर्मेचर भरून झाले, तरी सकाळी रडगाणे तेच. मी टर्मिनलकडे वाकलो तर म्हणाले, "साहेब, तुम्ही घडाला काय फवारायचं ते सांगा, ट्रॅक्टरचं मिस्तरी बघंल." बरोबरच होते त्यांचे, माझे खाते पिकाचे. पण अर्थच्या पट्टीचा बोल्ट दिसत होता, आणि तोही लालभडक रंगलेला. रंग देणाऱ्याने पट्टी सोडवली, चेसिसला दोन हात रंग मारला आणि पट्टी रंगावरच कसली. बोल्टाच्या आट्यांतून जाईल तेवढाच करंट जात होता. पट्टी सोडवून खालचा रंग पॉलिश पेपरने लोखंड चमकेपर्यंत घासला, बोल्ट आवळला आणि आण्णांनी बटण दाबले. सेल्फ असा फिरला की शेजारच्या गोठ्यातली गाय दचकली. "दोन बॅटऱ्यांचे पैसे गेले की हो," एवढेच म्हणाले.

लाइट लागतो, मग सेल्फ का नाही?

हा प्रश्न हमखास येतो. रंगातून किंवा गंजातून करंट जात नसेल तर लाइट कसा लागतो? याचे उत्तर ठिबकवाल्यांना लगेच पटेल. मेन लाइनमध्ये कचरा अडकलेला असताना पुढचे सगळे व्हॉल्व्ह बंद ठेवले तर पुढच्या गेजवर दाब पूर्ण दिसतो. एक लॅटरल सोडली तरी दाब टिकतो. पूर्ण प्लॉट सोडला की गेजचा काटा खाली बसतो. दाब होता, पण पाणी वाहू लागले तेव्हा अडथळा कळला. लाइटला चार-पाच अँपिअर लागतात. डिझेल ट्रॅक्टरच्या सेल्फला दोनशे-तीनशे अँपिअर लागतात. गंजलेल्या जोडात एका ओहमच्या शंभराव्या भागाएवढा अडथळा असला तरी अडीचशे अँपिअरला तिथे अडीच व्होल्ट गळतात. बारातले अडीच आधीच गेले आणि थंड बॅटरी अजून दोन-तीन खाली आली, तर सेल्फला उरले काय?

म्हणून जाड वाटेवरचा प्रत्येक जोड उघडून साफ करावा. बॅटरीचे दोन्ही टर्मिनल, सोलेनॉइडचे दोन्ही मोठे बोल्ट आणि अर्थच्या पट्टीची दोन्ही टोके. बॅटरीवर साचलेली पांढरी-हिरवी पूड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी, मात्र बुचे घट्ट असावीत, सोड्याचा थेंब आत जाता कामा नये. टर्मिनल काढताना अर्थचे आधी काढावे आणि लावताना ते शेवटी लावावे. उलटे केले तर पाना चेसिसला टेकून ठिणगी पडते. साफ करून आवळल्यावर वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस लावावे. आधी ग्रीस लावून मग आवळणे उपयोगाचे नाही.

केबलही बघा. बऱ्याच ट्रॅक्टरांवर मूळ केबल जाऊन मिळेल ती बारीक वायर आलेली असते. तांब्याची, ३५ ते ५० चौरस मिलिमीटर जाडीची केबल हवी, आणि थिंबल दाबयंत्राने दाबलेले असावे. हातोडीने ठोकलेले थिंबल बाहेरून घट्ट दिसते, आत हिरवे पडलेले असते.

ज्यांच्याकडे मल्टीमीटर आहे त्यांच्यासाठी दोन मापे सांगतो. साधा डिजिटल मीटर पाचशे रुपयांच्या आत मिळतो. चार-पाच शेतकऱ्यांच्या गटाने एक घेतला तरी वर्षानुवर्षे पुरतो. पहिले माप : मीटरची एक दांडी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर ठेवा, क्लॅम्पवर नव्हे, थेट शिशाच्या खुंटीवर. दुसरी सेल्फच्या अंगाच्या उघड्या लोखंडावर ठेवा. डिझेलची दांडी ओढलेली ठेवून दुसऱ्याला सीटवरून सेल्फ मारायला सांगा. मीटरवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आले तर अर्थ खराब. पाव व्होल्टाच्या आत असेल तर उत्तम. दुसरे माप तसेच, पॉझिटिव्ह खुंटीपासून सेल्फच्या मोठ्या बोल्टापर्यंत. इथेही अर्ध्या व्होल्टाच्या वर गेले की केबल, जोड किंवा सोलेनॉइड यांतले काहीतरी करंट खाते आहे.

मीटर नसेल तर एक जाड जंपर केबल बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनाच्या स्वच्छ लोखंडाला पकडवा आणि सीटवर बसून सेल्फ मारा. जोमाने फिरला तर चोर अर्थमध्ये आहे.

बॅटरी खरेच गेली आहे का?

जोड साफ करूनही फरक पडला नाही तर बॅटरीकडे या. ट्रॅक्टर रात्रभर उभा राहिल्यावर सकाळी सेल्फ मारण्याआधी व्होल्ट मोजा. १२.६ च्या आसपास म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. पण उभ्या बॅटरीचे व्होल्ट फसवतात. म्हणून सेल्फ फिरत असतानाही मोजावे. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली बसत असेल तर ती थकली आहे, किंवा सेल्फच आतून घासून जास्त करंट ओढतो आहे.

बुचे असलेल्या बॅटरीत हायड्रोमीटर टाकणे हा सगळ्यात खात्रीचा मार्ग. सहाही कप्प्यांचे वाचन १.२५० ते १.२८० च्या दरम्यान आले तर बॅटरी भरलेली. सगळे सारखेच कमी असतील तर चार्ज करावी. एकच कप्पा इतरांपेक्षा पन्नास अंकांनी खाली असेल, म्हणजे बाकीचे १.२५० आणि तो १.२०० किंवा कमी, आणि चार्ज करूनही सुधारत नसेल, तर तो कप्पा मेला. बॅटरी बदलायची ती तेव्हा.

पाणी फक्त डिस्टिल्ड. बोअरचे पाणी घातले तर त्यातले क्षार प्लेटींवर बसतात. पाणी प्लेटींच्या वर साधारण एक सेंटिमीटर असावे. ॲसिड मात्र कधीही वाढवू नये, कारण कमी होते ते पाणी, ॲसिड नाही. आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तिच्याजवळ बिडी ओढणे किंवा आत किती पाणी आहे ते काडी पेटवून बघणे म्हणजे बॅटरी तोंडावर फोडून घेणे आहे. ॲसिड अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धुवत राहावे. डोळ्यात गेले तर धुऊन तडक दवाखाना गाठावा.

जुन्या बॅटरीवरच्या अधिक-उण्याच्या खुणा पुसल्या असतील तर जाड खुंटी पॉझिटिव्हची आणि बारीक निगेटिव्हची, हे ध्यानात ठेवा. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांत निगेटिव्ह अर्थ असतो. मात्र काही जुन्या विलायती बनावटीच्या ट्रॅक्टरांत पॉझिटिव्ह अर्थ असायचा. असे यंत्र हाती आले तर बॅटरी जोडण्याआधी मिस्त्रीकडून खात्री करून घ्या. उलटी जोडली तर अल्टरनेटर जागेवर जळतो.

बटण, सोलेनॉइड आणि सेल्फ

लाइट लख्ख आणि आवाज नाही, अशा ट्रॅक्टरची बारीक वाट तपासायला बारा व्होल्टचा एक बल्ब आणि दोन वायरी पुरतात. एक वायर इंजिनाच्या लोखंडाला, दुसरी सोलेनॉइडच्या लहान टर्मिनलला. सीटवरच्या माणसाने बटण दाबले की बल्ब लागला पाहिजे. लागला तर दोष सोलेनॉइडमध्ये. नाही लागला तर मागे मागे जात न्यूट्रलचा स्विच, बटण, चावी असे एकेक ठिकाण तपासा. जिथे बल्ब लागतो आणि पुढच्या ठिकाणी लागत नाही, त्याच्या मध्ये बिघाड. उंदराने कुरतडलेली वायर बहुधा डॅशबोर्डच्या मागे सापडते. या तपासणीत सुद्धा डिझेलची दांडी ओढलेली, गिअर न्यूट्रल आणि चाकांना पुढून-मागून ठोकळे, यात सूट नाही.

सेल्फ उघडायचा तर तो मिस्त्रीकडेच उघडावा, पण सोबत थांबावे. कार्बन किती उरले, कॉम्युटेटर काळा पडून त्यावर खाच पडली आहे का, आणि बुश झिजले आहेत का, हे आपल्या डोळ्यांनी पाहावे. बुश झिजले की आर्मेचर आत घासते, सेल्फ जड फिरतो आणि बॅटरीवर आळ येतो. नुसते कार्बन आणि बुश बदलून भागत असेल तर आर्मेचर भरण्याचा खर्च कशाला?

सेल्फ झपाझप फिरतो पण इंजिन पेटत नाही, असे असेल तर सेल्फला बोल लावू नका. आधी बंद करायची दांडी आत आहे का बघा. हसू नका, फार वेळा तीच बाहेर राहिलेली असते. मग डिझेल, फिल्टर, लाइनमध्ये शिरलेली हवा. हिटर असलेल्या ट्रॅक्टरला थंडीत तो पंधरा-वीस सेकंद तापू द्यावा, नंतरच सेल्फ. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि दोन प्रयत्नांत मिनिटभर थांबावे. सलग मारत राहिले की मोटार तापून आतले टाके वितळतात.

बॅटरी उतरतेच का?

जुन्या ट्रॅक्टरांवर अल्टरनेटर नसून डायनामो असतो. चांगला डायनामो फार तर वीस-बावीस अँपिअर देतो, तेही इंजिन रेसवर असताना. इंजिन हळू चालत असले की जवळजवळ काहीच नाही. आता कांद्याच्या दिवसांत लासलगाव-पिंपळगावच्या रांगेतला ट्रॅक्टर आठवा. लिलाव पुढे सरकला की सेल्फ मारायचा, चार हात पुढे न्यायचा, बंद करायचा. दिवसभरात दहा-पंधरा वेळा. प्रत्येक वेळी बॅटरीतून गेले ते भरून यायला काही मिनिटे तरी इंजिन रेसवर चालायला हवे, आणि ते चालतच नाही. परतीला अंधार, दोन हेडलाइट, मागचा दिवा, आणि वर पोरांनी बसवलेला टेप व दोन डबे. सकाळी बॅटरी बसली तर नवल काय! टेपचे हे दुखणे सांगितले की तरुण मंडळी माझ्यावर रुसतात, पण डायनामोला काय आवडते हे त्यांच्या आवडीवर ठरत नाही.

चार्जिंग होते का ते मीटरने लगेच कळते. इंजिन मध्यम रेसवर ठेवून बॅटरीवर मोजा. १३.८ ते १४.४ व्होल्ट आले तर ठीक. तेरालाही पोचत नसेल तर आधी फॅनचा पट्टा दाबून बघा, ढिला असेल तर ताणून घ्या. त्यानंतर डायनामोचे कार्बन आणि रेग्युलेटर-कटआउट. साडेचौदाच्या बरेच वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला, बॅटरीतले पाणी उकळून जाईल. ज्यांनी डायनामो काढून अल्टरनेटर बसवला आहे त्यांनी इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल कधीही काढू नये. एका ट्रॅक्टरची बॅटरी काढून दुसरा सुरू करायची आपल्याकडची युक्ती डायनामोवर खपून गेली असेल, अल्टरनेटरचे डायोड मात्र तेवढ्यात जातात.

सगळे बंद असताना बॅटरी रात्रीत उतरत असेल तर अर्थचे टर्मिनल काढून खुंटी आणि क्लॅम्प यांच्यामध्ये तोच बारा व्होल्टचा बल्ब जोडा. चावी बंद असूनही बल्ब लागला तर कुठेतरी करंट गळतो आहे. टेपची वायर बहुतेकदा थेट बॅटरीवरून घेतलेली असते, तिथून सुरुवात करा.

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींना यातले थोडे वेगळे सांगायचे आहे. पंचायतीचा पाण्याच्या टँकरचा जुना ट्रॅक्टर असेल तर तो चौकाच्या उतारावर उभा करू देऊ नका. त्या चाकाखालच्या दगडाशी खेळायला पोरे येतात. मागे भरलेला टँकर असताना तो ढकलून सुरू करणे तर अजिबात नको. दुसऱ्या ट्रॅक्टरने साखळीने ओढायचा झाला तरी टँकर सोडवून, आणि साखळीच्या आजूबाजूला कुणी उभे नाही हे बघून. बॅटरी कधी घेतली, पाणी कधी घातले, अर्थ कधी साफ केला, एवढ्या तीन तारखा वाहनाच्या वहीत लिहायला लावा. ड्रायव्हर बदलला तरी त्या कामाला येतात.

आणि पावसाळ्यात ज्यांचा ट्रॅक्टर महिना-दोन महिने उभाच राहतो त्यांनी बॅटरी पूर्ण चार्ज करून अर्थचे टर्मिनल सोडवून ठेवावे, महिन्यातून एकदा पुन्हा चार्ज करून घ्यावी. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर प्लेटींवर पांढरा थर धरतो आणि मग ती चार्जरवर दोन दिवस ठेवली तरी उठत नाही.